प्रोजेक्ट मॅनेजरचं काम: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत शेड उभी करणारे, नंदुरबारला सरकारी कामं सांभाळणारे आणि घरी बसून पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर पाहणारे, अशा सगळ्यांकडून साधारण हेच प्रश्न येतात. समजावण्यासाठी एकच उदाहरण धरलं आहे: रावेर-सावदा पट्ट्यात केळी पिकवण्याचं चेंबर, खर्च ८० लाख, मुदत २४ आठवडे. आकडे हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत.

प्रोजेक्ट मॅनेजर नेमकं करतो काय?

ठरलेलं काम ठरलेल्या मुदतीत आणि पैशात पुरं करून घेतो, ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. प्रत्यक्षात त्याचा बराचसा दिवस माहिती काढण्यात जातो. कुठलं काम अडलंय, कोणामुळे, आणि त्याचा फटका पुढे कोणाला बसणार? गवंडी, फॅब्रिकेटर, इलेक्ट्रिशियन आपापलं काम जाणतात. दोन कामांच्या मधली जागा मात्र कोणाचीच नसते. भिंतीची पॅनेल बसवणारा पॅनेलवाला म्हणतो फरशी लेव्हलमध्ये नाही, गवंडी म्हणतो मला लेव्हल कोणी दिलीच नाही. ती मधली जागा प्रोजेक्ट मॅनेजरची.

अडचणी प्रत्येक कामात येतात. पहिल्या आठवड्यात कळलेली अडचण एका फोनवर सुटते. तीच आठव्या आठवड्यात कळली की पैसे खाते. खाली सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या सवयी वाईट बातमी लवकर कानावर यावी, यासाठीच आहेत.

मग प्रोग्रॅम मॅनेजर वेगळा कसा?

चेंबर उभं राहिलं, तापमान धरलं, ताबा दिला, की प्रोजेक्ट संपला. आता समजा एका शेतकरी उत्पादक कंपनीला सभासदांच्या केळीला क्विंटलमागे जास्त भाव मिळवून द्यायचा आहे. त्यासाठी चेंबर, क्रेट, घड हाताळण्याचं प्रशिक्षण, दोन रेफर (माल थंड ठेवणाऱ्या) गाड्या आणि दिल्लीच्या व्यापाऱ्यांशी बोलणी असे पाच प्रोजेक्ट एकदम चालले आहेत. या पाचांचा मेळ घालणारा तो प्रोग्रॅम मॅनेजर. चेंबर वेळेत झालं आणि गाड्या सहा महिने उशिरा आल्या, तर चेंबरचा मॅनेजर पास होतो आणि प्रोग्रॅम नापास. त्यामुळे प्रोग्रॅम मॅनेजरने तारखांइतकंच भावाकडे लक्ष ठेवायचं असतं, आणि एखाद्या प्रोजेक्टचा उपयोग उरला नसेल तर तो थांबवा असं सांगण्याची हिंमतही ठेवायची असते.

इंजिनियरिंग झालेलं नाही. जमेल का?

जमेल. बी.कॉम. झालेला माणूस बिलं आणि करार इंजिनियरपेक्षा चांगले वाचतो. फक्त ज्या कामाचे मॅनेजर आहात त्यातले मुख्य धोक्याचे आकडे पाठ हवेत. केळीचं चेंबर असेल तर पिकण्याआधीचा माल १३ ते १४ अंशांखाली गेला की सालीवर काळपटपणा येतो, पिकवताना १६ ते १८ अंश लागतात, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर हवी आणि साचणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर काढावा लागतो. एवढं ठाऊक असलं तर चाचणीच्या दिवशी कोणी तुम्हाला गुंडाळू शकत नाही.

सुरुवात कुठून करायची?

कागदावर कामाची फोड करण्यापासून. आधी कामाचे मोठे भाग पाडा: परवानग्या, पाया व शेड, पफ पॅनेल (फोम भरलेली, थंडावा धरणारी), कूलिंग युनिट, इथिलीन यंत्रणा (केळी पिकवणारा वायू सोडणारी), वीज, चाचणी. मग प्रत्येक भाग इतका फोडा की एक तुकडा एका माणसाच्या नावावर देता येईल आणि एक-दोन आठवड्यांत संपेल. ‘वीजकाम’ हा तुकडा होत नाही. लोडचा (किती वीज लागेल त्याचा) अर्ज, फर्म कोटेशनचे (वीज कंपनीने काढून दिलेल्या खर्चाचे) पैसे भरणं, ट्रान्सफॉर्मर बसवणं, पॅनेल बोर्ड, अर्थिंग, डीजी (डिझेल जनरेटर) जोडणी, हे तुकडे होतात.

प्रत्येक तुकड्यासमोर तीन गोष्टी लिहा: नाव, तारीख आणि ‘झालं’ म्हणजे काय. तिसरी गोष्ट बहुतेक जण सोडतात आणि भांडण नेमकं तिथेच होतं. ‘फरशी झाली’ म्हणजे ओतली, की क्युरिंग (काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं) संपलं, की ड्रेनकडे उतार आहे हे बादलीभर पाणी ओतून पाहिलं? यादीत हे असं लिहा: ‘फरशी: ड्रेनकडे उतार, पाणी ओतल्यावर कुठेही साचत नाही, पॅनेलवाल्याची सही.’

फोड करताना ठेकेदारांना एकत्र बसवा. तुम्ही एकट्याने केलेल्या यादीत दाराची रुंदी हमखास राहते. पॅलेट ट्रक आत जात नाही हे मग चाचणीच्या दिवशी कळतं.

किती दिवस लागतील, याचा अंदाज कसा बांधायचा?

एकच आकडा विचारू नका, तीन विचारा: सगळं जुळून आलं तर, नेहमीसारखं चाललं तर, आणि सगळंच बिघडलं तर. समजा पॅनेल उभारणीला पॅनेलवाला ६, ९ आणि १८ दिवस सांगतो. मधल्या आकड्याला चारने गुणा, त्यात दोन्ही टोकं मिळवा, सहाने भागा: ६ अधिक ३६ अधिक १८ म्हणजे ६०, भागिले ६, उत्तर १० दिवस. दोन टोकांतला फरक सहाने भागला की २ दिवस येतात, ती अनिश्चितता. तेव्हा मालकाला १२ दिवस सांगा. ही पर्ट पद्धत अमेरिकन नौदलाच्या क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ मध्ये तयार झाली आणि आजही कागद-पेनावर चालते.

सूत्रापेक्षा तिसरा प्रश्न मोलाचा आहे. ‘सगळंच बिघडलं तर’ असं विचारलं की माणूस मोकळेपणाने सांगतो: कारागीर इंदूरहून येतात, क्रेन एकच आहे, वारा असला की पॅनेल उचलत नाही. धोक्यांची यादी तुम्हाला तिथेच आयती मिळते.

एक सावधगिरी. प्रत्येक जण आपापल्या कामात गुपचूप चार दिवस जादा धरतो आणि ते शेवटी कुठेच दिसत नाहीत. राखीव दिवस प्रत्येक कामात लपवू नका. सगळे मिळून प्रोजेक्टच्या शेवटी उघडपणे ठेवा आणि त्यातले किती खर्च झाले ते दर आठवड्याला दाखवा.

क्रिटिकल पाथ सोप्या भाषेत सांगा.

एकामागून एक करावीच लागणारी कामांची सगळ्यात लांब साखळी. तिच्यातलं कुठलंही काम एक दिवस लांबलं की शेवटची तारीख एक दिवस लांबते. चेंबरच्या कामात सगळ्यांचं लक्ष बांधकामाकडे असतं, पण बऱ्याचदा लांब साखळी विजेची निघते. शेड पंधराव्या आठवड्यात तयार आणि वीज बावीसाव्या आठवड्यात, मग सात आठवडे शेड नुसती उभी. म्हणून लोडचा अर्ज पायाच्या खोदाईआधी जायला हवा.

काही कामांना माणसं वाढवून वेळ कमी होत नाही. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे उष्ण-कोरड्या हवेत काँक्रीटचं क्युरिंग किमान १० दिवस करावं लागतं. दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपेक्षा जास्त असलेल्या स्लॅबचे टेकू १४ दिवसांआधी काढत नाहीत. हे दिवस वेळापत्रकात वेगळी ओळ करून लिहा. नाहीतर मालक विचारतो, साइटवर कोणीच दिसत नाही, काम बंद आहे का?

खान्देशात वेळापत्रक करताना वेगळं काय पाहावं?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि तारखा सगळ्यात जास्त इथेच चुकतात. पुण्यात बसून केलेल्या वेळापत्रकात आखाजी नसते. अक्षय्य तृतीयेला गवंडी, बिगारी सगळे गावी जातात आणि तीन-चार दिवस तरी साइटवर माणूस मिळत नाही. सातपुड्यातली माणसं कामावर असतील तर होळीच्या आधीचा आठवडा भोंगऱ्या बाजारात (होळीआधीच्या आदिवासी बाजारांत) जातो. धडगाव-अक्कलकुव्याकडे पुढे गावोगावच्या होळ्या चालतात, त्यामुळे तो पंधरवडा अर्ध्या माणसांवर धरा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, दुसऱ्या दिवशी विसर्जन. त्या सोमवारी स्लॅब ठेवू नका. दसरा-दिवाळीनंतर नंदुरबार-साक्रीकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि त्याच सुमाराला कापूस वेचणी मजूर ओढून घेते.

उन्हाचं गणित वेगळंच. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा काम सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ४ नंतर. दिवसाचे आठ तास कागदावर असले तरी हातात सहाच येतात. काँक्रीट पहाटे किंवा रात्री ओतायचं, खडीवर पाणी मारून ती गार ठेवायची, आणि पाण्याच्या टँकरची सोय आदल्या दिवशीच करायची. क्युरिंगचं पाणी कमी पडलं की स्लॅबवर केसासारख्या भेगा येतात आणि पुढे गळतीचा वाद सुरू होतो. पाऊस जूनच्या मध्यावर धरून पाया आणि पत्रे त्याआधी उरका. काळ्या मातीत एकदा पाणी मुरलं की जेसीबी उभा करायला जागा राहत नाही.

पहिल्याच बैठकीत बारा महिन्यांचं कॅलेंडर समोर ठेवून मुकादमालाच विचारा: तुमची माणसं कोणत्या तारखांना नसतील? उत्तर बिनचूक मिळतं.

ठेकेदार नेहमी ‘व्हई जाई भाऊ’ म्हणतो आणि काम होत नाही. काय करावं?

त्याला हो-नाहीत उत्तर देता येणारा प्रश्न विचारू नका. ‘गुरुवारपर्यंत होईल ना अण्णा?’ याला उत्तर ‘होईल’ एवढंच येतं. नकार देणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. त्याऐवजी विचारा: ‘अण्णा, उद्या किती माणसं येणार? पत्रा कुठे आहे आत्ता, सुरतला की गाडीत? गाडी नंबर पाठवता का?’ ज्याच्याकडे माल आहे तो दोन मिनिटांत एलआरचा (माल गाडीत चढल्याच्या पावतीचा) फोटो पाठवतो. ज्याच्याकडे नाही तो विषय बदलतो, आणि तुम्हाला गुरुवारची बातमी सोमवारीच मिळते.

दुसरी गोष्ट, ‘८० टक्के झालं’ ऐकून घेऊ नका. तुकडा सुरू झाला नसेल तर शून्य, सुरू असेल तर ५०, पूर्ण होऊन सही झाली की १००. मधलं काही नाही. कामाचे शेवटचे २० टक्के निम्मा वेळ खातात, आणि ‘८० टक्के’ या शब्दाआड चार-चार आठवडे दडतात.

तिसरी आणि सगळ्यात अवघड: जो स्वतःहून ‘हे वेळेत होणार नाही’ असं सांगायला येतो, त्याच्यावर कधीही आवाज चढवायचा नाही. त्याला चहा द्या, बसवा, पर्याय काढा. त्या दिवशी तुम्ही चिडलात की पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि त्याचं पाहून बाकीचेही गप्प राहतील. हिशोब मागायचा तो माहिती लपवणाऱ्याकडे.

आठवड्याची मीटिंग कशी घ्यावी?

एकच वार, एकच वेळ, जास्तीत जास्त ४५ मिनिटं, शक्यतो साइटवर उभ्यानेच. तीनच प्रश्न: गेल्या आठवड्यातलं काय राहिलं, पुढच्या दोन आठवड्यांत काय सुरू होणार, आणि ते सुरू व्हायला आज काय कमी आहे. तिसऱ्या प्रश्नाला सर्वाधिक वेळ द्या.

त्याच दिवशी संध्याकाळी मिनिट्स व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, पण निबंध नको. ‘कूलिंग युनिटचा फाउंडेशन ड्रॉइंग: कूलिंगवाले, शुक्रवार संध्याकाळ. न आल्यास खोदाई सोमवारी थांबेल.’ नाव, तारीख, परिणाम, एवढंच. ऑडिओ मेसेजवर निर्णय ठेवू नका. तीन महिन्यांनी तो कोणाला सापडत नाही. पैशाचा किंवा मापाचा निर्णय ईमेलवर किंवा सहीच्या कागदावर गेलाच पाहिजे.

ग्रुपमध्ये माणसं बेताचीच ठेवा. सहा जणांत बोलण्याच्या जोड्या १५ होतात, बारा जणांत ६६. माणसं दुप्पट, गैरसमजाच्या जागा चौपटीहून जास्त.

मालक येता-जाता ‘एवढं पण करून टाका’ म्हणतात. नाही कसं म्हणावं?

नाही म्हणायची गरजच नाही. ‘करतो भाऊ, उद्या सकाळपर्यंत किती पैसे आणि किती दिवस वाढतील ते सांगतो,’ असं म्हणा आणि खरंच सकाळी सांगा. एक पान पुरे: काय बदल, का, खर्च, दिवस, कोणत्या कामावर परिणाम, मालकाची सही. दोन चेंबरचं तीन करायचं तर वाढीव लोड, मोठा डीजी, नवा ड्रेन हे सगळं त्यात यायला हवं. आकडा समोर आला की निम्मे बदल मालक स्वतःच मागे घेतात.

घरच्या धंद्यात आणखी एक पेच असतो. मोठे काका एक सांगतात, धाकटे भाऊ दुसरंच. पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर विचारून ठेवा: अंतिम सही कोणाची, आणि ते गावी असतील तर कोणाची? किती रकमेपर्यंत तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकता, तेही त्याच बैठकीत लिहून घ्या.

पैसे आणि वेळ दोन्ही एकत्र कसे तपासायचे?

फक्त खर्च पाहून फसगत होते. समजा दहाव्या आठवड्याअखेर ४० लाखांचं काम व्हायला हवं होतं. झालेल्या कामाची किंमत ३२ लाख आणि खर्च ३८ लाख. वरवर पाहता ४० पैकी ३८ खर्च, म्हणजे २ लाख वाचले! खरं चित्र असं: ३२ भागिले ४० म्हणजे ०.८, रुपयाच्या जागी ऐंशी पैशांचाच वेग. ३२ भागिले ३८ म्हणजे साधारण ०.८४, खर्च केलेल्या रुपयात ८४ पैशांचं काम. याच चालीने गेलं तर एकूण खर्च ८० गुणिले ३८ भागिले ३२, म्हणजे ९५ लाख. पंधरा लाखांची ही तूट दहाव्या आठवड्यात दिसली तर बँकेशी बोलता येतं, एखादं काम पुढच्या टप्प्यावर टाकता येतं. बावीसाव्या आठवड्यात यातलं काहीच हातात राहत नाही. एक्सेलमध्ये तीन रकाने पुरतात.

ठेकेदाराचं बिल रोखून धरलं तर काम लवकर होतं का?

उलट होतं. लहान फॅब्रिकेटरकडे पत्र्याचे पैसे नसतात, तो दुसरीकडचं रोखीचं काम आधी करतो. कायदाही पाहा: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत चुकवलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष देता त्याच वर्षी आयकरात खर्च म्हणून धरली जाते. बिल टप्प्यांना बांधा, टप्पा तपासून झाला की लगेच द्या, आणि ५ ते १० टक्के रिटेन्शन (शेवटपर्यंत राखून ठेवायची रक्कम) करारातच लिहून ठेवा.

सरकारी कामात काय वेगळं?

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक: हा क्रम बदलत नाही, म्हणून वेळापत्रक यावरच बेता. आचारसंहितेच्या काळात कार्यारंभ आदेश असूनही जागेवर सुरू न झालेलं काम सुरू करता येत नाही; आधीपासून चालू असलेलं चालू राहतं. जमिनीत गाडलं जाणारं काम झाकण्याआधी मोजमाप नोंदवून घ्या. पाइप पुरल्यावर खोली मोजायला परत चर खणावा लागतो. उपयोगिता प्रमाणपत्राचे कागद मार्चअखेर गोळा करायला बसू नका, दर हप्त्यासोबत लावत चला.

घरून सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सांभाळतो. यातलं काय लागू पडतं?

बहुतेक सगळंच. तुकडे लहान, ‘झालं’ची व्याख्या लेखी, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा), रोजची १५ मिनिटांची स्टँडअप (छोटी मीटिंग). उशीर झाल्यावर नवे डेव्हलपर भरू नका. त्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि तारीख आणखी पुढे सरकते. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट ठेवा, हा खर्च धंद्याचाच धरा.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल हे प्रमाणपत्र) करावं का?

आयटीत किंवा बहुराष्ट्रीय कंपनीत जायचं असेल तर उपयोग होतो. चार वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. बारावी किंवा डिप्लोमा असेल तर ६० महिने. पुढे दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (शिकत राहिल्याचे गुण) भरून नूतनीकरण. नवख्यांसाठी सीएपीएम हे सुरुवातीचं प्रमाणपत्र आहे, त्याला २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. स्थानिक बांधकाम किंवा फॅब्रिकेशनमध्ये मात्र प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. तिथे मागच्या साइटच्या मालकाचा फोन नंबर मागतात.

रोजच्या सवयी कोणत्या?

सकाळी पहिला अर्धा तास फोन न उचलता कालची साइट डायरी आणि आजची कामं पाहणं. रोज साइटवर एक फेरी, आणि फेरीत ठेकेदारापेक्षा मजुरांशी जास्त बोलणं. सिमेंटच्या किती गोण्या उरल्यात हे त्यांनाच अचूक माहीत असतं. आपली अहिराणी जेमतेम असली तरी तीच बोला, पावरी (सातपुड्यातली बोली) येत नसेल तर ती येणारा मुकादम सोबत घ्या. संध्याकाळी डायरीत पाच ओळी: हजेरी, झालेलं काम, आलेला माल, अडचण, हवामान. शुक्रवारी धोक्यांची यादी उघडून एकेका धोक्यासमोर विचारायचं की हा वाढला, घटला की संपला. दहापेक्षा जास्त धोके लिहिले की ती यादी कोणी वाचत नाही.

काम संपलं हे कधी म्हणायचं?

मशीन सुरू होऊन फीत कापली की लोक घरी जातात, आणि तिथेच राहिलेली कामं लोंबकळतात. चेंबर रिकामं असताना नव्हे, पूर्ण भरलेल्या मालावर एक पूर्ण पिकवण चक्र चालवून पाहा. रिकाम्या खोलीत तापमान सहज धरतं, भरलेल्या खोलीत केळी स्वतः उष्णता सोडतात आणि मागच्या ओळीतला माल मागे राहतो. वीज घालवून डीजी किती सेकंदांत भार घेतो तेही मोजा. मग पंच लिस्ट (राहिलेल्या त्रुटींची यादी) करा, प्रत्येक त्रुटीचा फोटो, नाव, तारीख. ड्रॉइंगच्या सुधारित प्रती, मशीनची वॉरंटी कार्डं आणि ऑपरेटरचं प्रशिक्षण झाल्याची सही एका फाइलमध्ये मालकाला द्या. दोष दायित्वाचा कालावधी संपण्याच्या एक महिना आधीची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी जाऊन दारांचे गास्केट, ड्रेन आणि छताचे सांधे तपासा, कारण त्या महिन्यात सापडलेली गळती ठेकेदार दुरुस्त करतो आणि नंतर सापडलेली मालकाच्या खर्चाने होते.